दोन मिनिटांचा थरारपट

इंग्लंडमधल्या एका कॉलेजात मी सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना ‘मीडिया स्टडीज’ हा विषय शिकवते. मेळाव्याच्या निमित्ताने फोनाफोनी सुरू झाली तेव्हा दर दुसऱ्या मैत्रिणीने विचारले, “म्हणजे तू मुलांना सिनेमे दाखवतेस?” हा प्रश्न तिकडचे पालकही विचारतात, फक्त जरा खवचटपणे. तिथल्या वर्तमानपत्रांनी या विषयाला ‘मिकी माउस विषय’ असे नाव ठेवूनही बरीच वर्षे झाली. संपादक मंडळाने इतिहासावर लेख मागितला आहे, तेव्हा उत्तर इतिहासातूनच देते, आणि तेही एकाच स्वाध्यायाच्या इतिहासातून.

इंग्लंडमध्ये परीक्षा मंडळे अनेक आहेत आणि शाळा विषयागणिक मंडळ निवडते. त्यांतल्या ‘ओसीआर’ या मंडळाने २००८ पासून जो अभ्यासक्रम लावला, त्यात पहिल्या वर्षाच्या, म्हणजे आपल्या अकरावीच्या वयाच्या मुलांसाठी एक प्रकल्प होता. ज्यांना संगीतविषयक मासिकाची पाने करायची नसत, त्यांनी एका नव्या चित्रपटाची श्रेयनामावली आणि सुरुवात तेवढी तयार करायची. पुढचा चित्रपट करायचाच नाही. लांबी जास्तीत जास्त दोन मिनिटे. गटात फार तर चौघे. संगीत स्वतःचे, नाहीतर कोणाचा हक्क नसलेले. शंभर गुणांपैकी साठ प्रत्यक्ष चित्रफितीला, वीस तयारीला आणि वीस नंतरच्या आत्मपरीक्षणाला.

चित्रपट कोणत्या प्रकारचा असावा याची सक्ती नव्हती. तरी मुले थरारपटाकडेच वळत. विनोदी चित्रपटाला चांगले संवाद लागतात, प्रेमकथेला अभिनय लागतो. थरारपटाला एक रिकामा कॉरिडॉर, एक हुडी आणि पावलांचा आवाज पुरतो, असे त्यांना वाटे. हे फक्त पहिल्या आठवड्यात वाटे.

त्याआधी एक सराव करावा लागे. एक व्यक्ती दार उघडते, खोली ओलांडते, खुर्चीत बसते आणि समोरच्याशी दोन वाक्ये बोलते. बस्स. वाचताना हे हास्यास्पद वाटते. करायला गेले की पहिल्या गटाचे पात्र दार बाहेरून निळी बॅग घेऊन उघडते आणि आत बॅगेशिवाय शिरते. दुसऱ्या गटाची दोन पात्रे समोरासमोर बसून एकाच भिंतीकडे बघत बोलतात. या सरावातून तीन गोष्टी तपासल्या जात: एका चित्रात सुरू झालेली हालचाल पुढच्या चित्रात बेमालूम चालू राहते का, दोघांच्या संभाषणात कॅमेरा आलटून पालटून नीट फिरतो का, आणि १८० अंशांचा नियम पाळला आहे का. हा शेवटचा नियम मी कबड्डीच्या उदाहरणाने सांगते. मैदानाच्या एका बाजूला बसलेल्याला चढाई डावीकडून उजवीकडे जाताना दिसते, समोर बसलेल्याला उलट. मध्येच आपण बाजू बदलली तर चढाई करणारा स्वतःच्याच अंगणात परत पळतोय असे वाटेल. वर्गातली इंग्लिश पोरे यूट्यूबवर कबड्डी शोधून बघतात आणि नियम मात्र कायमचा लक्षात ठेवतात.

हे नियम कोणा प्राध्यापकाने बसवलेले नाहीत. साधारण १९१० च्या दशकात अमेरिकन स्टुडिओंमध्ये काम करता करता ते रुळले. त्यांचा शाळेत अभ्यास सुरू झाला तो मात्र मॉस्कोत. १९१९ मध्ये तिथे स्थापन झालेली चित्रपटशाळा जगातली पहिली मानली जाते. लेव्ह कुलेशोव्ह तिथे शिकवू लागला तेव्हा तो जेमतेम विशीत होता. यादवी युद्ध चालू होते आणि कच्ची फिल्म मिळत नव्हती. मग त्याच्या कार्यशाळेने फिल्मशिवायच चित्रपट केले: प्रसंगांचे तुकडे पाडून, जणू कॅमेरा समोर आहे असे समजून ते रंगमंचावर बसवायचे. जुन्या फिती कापून वेगळ्या क्रमाने जोडायच्या. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या वाडग्यानंतर, एकदा शवपेटीनंतर लावला, तर बघणाऱ्याला त्यात कधी भूक तर कधी शोक दिसला, हा प्रसिद्ध प्रयोग त्याचाच. ती फीत आज उपलब्ध नाही आणि सांगणाऱ्यांचे तपशीलही एकमेकांशी जुळत नाहीत. पण दुसऱ्या एका प्रयोगात त्याने मॉस्कोतल्या वेगवेगळ्या रस्त्यांवर टिपलेल्या माणसांना वॉशिंग्टनच्या व्हाइट हाउससमोर नेऊन उभे केले, आणि तेही कोणालाही मॉस्कोबाहेर न नेता. आमच्या कॉलेजच्या मागची झाडी आणि कोणाच्या तरी आजीच्या घराचे तळघर एकाच जागी आहेत असे भासवणारी मुले नकळत तेच करत असतात.

कुलेशोव्ह १८९९ चा. त्याच वर्षी लंडनमध्ये जन्मलेला आल्फ्रेड हिचकॉक कोणत्याच चित्रपटशाळेत गेला नाही. तो तारांच्या केबल बनवणाऱ्या कंपनीत होता आणि १९२० मध्ये लंडनच्या इस्लिंग्टन स्टुडिओत मूकपटांच्या मधल्या अक्षरपाट्या रंगवायला लागला. म्हणजे ज्या श्रेयनामावलीचा माझे विद्यार्थी कंटाळा करतात, तिथूनच त्याची सुरुवात झाली. १९२७ च्या ‘द लॉजर’ची पहिली मिनिटे मी दर वर्षी दाखवते. पडदाभर एका सोनेरी केसांच्या मुलीचा किंचाळणारा चेहरा. खुनी दिसत नाही, सुरा दिसत नाही. लगेच घोळका, साक्षीदार बाई, बातमीदाराचा फोन, छापखाना, वर्तमानपत्रांच्या गाड्या. भीती गल्लीतून शहरभर कशी पसरते ते आपण बघतो. खून कसा झाला ते बघतच नाही. त्या मुलीला हिचकॉकने काचेवर झोपवून, केस पसरून, खालून प्रकाश दिला होता. पुढे त्याच चित्रपटात वरच्या मजल्यावर येरझारा घालणाऱ्या भाडेकरूची पावले खालच्यांना ऐकू येतात. मूकपटात ती ऐकवायची कशी? त्याने जाड काचेची जमीन करून खालून चित्रण केले. छताकडे बघणारी माणसे, आणि छतातून आरपार दिसणारे चालणारे पाय.

इथे वर्गात नेहमी शांतता पसरते, कारण तोवर प्रत्येक गटाने आपल्या दोन मिनिटांवर ढोल, किंकाळ्या आणि व्हायोलिन यांचा थर चढवलेला असतो. मी आवाज बंद करून त्यांची फीत त्यांनाच दाखवते. ज्यात काही उरते ते ठेवायचे.

आवाज कसा वापरायचा यासाठी १९३१ चा ‘एम’ आहे. हा फ्रिट्झ लांगचा पहिला बोलपट. बर्लिनमध्ये मुलांना पळवून मारणारा एक जण मोकाट आहे. अंगणात मुले गोल उभी राहून आपल्या ‘अडगुलं मडगुलं’सारखेच एक बडबडगीत म्हणतायत, फक्त त्यांच्या गाण्यात खुनी आहे. एक आई धुणे-भांडी आवरून शाळेतून येणाऱ्या मुलीसाठी ताट मांडते. घड्याळात बारा वाजतात. मुलगी रस्त्यात इनामाच्या जाहिरातीवर चेंडू आपटतेय. त्या जाहिरातीवर एक सावली पडते. मग शिट्टीवर वाजवलेली एक धून. यानंतर काय दिसते? रिकामा जिना, वाळत घातलेले कपडे, रिकामे ताट, गवतात घरंगळणारा चेंडू, तारांत अडकलेला फुगा, आणि वर आईची हाक. मुलीला काही झालेले आपण एकदाही पाहत नाही. खोट्या रक्ताची बाटली विकत घेऊन आलेल्या मुलांना हे सात-आठ मिनिटांचे दृश्य दाखवले की बाटली सहसा दप्तरातच राहते.

श्रेयनामावलीबद्दल फार लिहीत नाही, पण एक गोष्ट सांगायला हवी. ऑर्सन वेल्सच्या १९५८ च्या ‘टच ऑफ इव्हिल’ची सुरुवात तीन मिनिटांहून लांब अशा एकाच अखंड चित्रणाची आहे: गाडीत बाँब ठेवला जातो आणि ती गाडी गर्दीतून सीमेकडे सरकत राहते. स्टुडिओने त्यावर नावे आणि संगीत चढवले. वेल्सने संकलनाबद्दल ५८ पानांचे टिपण लिहिले, ते तेव्हा पूर्णपणे मानले गेले नाही. १९९८ मध्ये वॉल्टर मर्चने त्या टिपणावरून चित्रपट पुन्हा बांधला आणि सुरुवातीवरची नावे काढून टाकली. दोन्ही सुरुवाती लागोपाठ बघितल्या की नाव कुठे, किती वेळ आणि कशावर टाकायचे हा प्रश्न मुलांना एकदम महत्त्वाचा वाटू लागतो.

हे सगळे परदेशातलेच असेही नाही. आपल्यापैकी पुण्याला शिकलेल्यांनी लॉ कॉलेज रोडवरून जाताना ते फाटक शेकडो वेळा पाहिले असेल. प्रभातच्या स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथल्या विधू विनोद चोप्राने १९७६ मध्ये पदविकेसाठी ‘मर्डर ॲट मंकी हिल’ हा छोटा थरारपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ चा ‘परिंदा’ त्याचाच. विद्यार्थी असताना थरारपटच का, याचे उत्तर माझ्या वर्गातल्या मुलांच्या उत्तराहून फार वेगळे नसावे: माणसे कमी, जागा एक, आणि प्रेक्षक जागचा हलत नाही ना, ते लगेच कळते.

पण चित्रपटशाळेत हे शिकवणे वेगळे आणि साध्या शाळेत वेगळे. इंग्लंडमध्ये शाळेच्या दारातून सिनेमा आत यायला बराच वेळ लागला. १९३३ मध्ये एफ. आर. लीव्हिस आणि शाळामास्तर डेनिस थॉम्प्सन यांनी शिक्षकांसाठी पुस्तक लिहिले, त्यात जाहिराती आणि सवंग करमणूक ओळखायला मुलांना शिकवावे, ते त्यांपासून वाचवण्यासाठी, असा सूर होता. एक प्रकारची लसच. (आपल्या दप्तरात सिनेमाचे मासिक सापडल्यावर बाई जे म्हणत, तेही साधारण हेच होते.) १९६४ मध्ये स्टुअर्ट हॉल आणि पॅडी व्हॅनेल यांनी म्हटले की लोकप्रिय कलांमध्येही चांगले-वाईट असते, ते पारखायला शिकवा. ऐंशीच्या दशकात लेन मास्टरमनने माध्यमांचा अभ्यास म्हणजे ती कोणी, कशासाठी रचली ते उलगडणे, असा पाया घातला. गंमत अशी की मुलांच्या हाती कॅमेरा देण्याबद्दल त्यालाही शंका होती. मुले व्यावसायिकांची कच्ची नक्कल करतील आणि तंत्रातच अडकतील, असे त्याला वाटे. पन्नासेक वर्षांत शिक्षकांनी मुलांना बघू दिले, पारखू दिले, उलगडू दिले; करू देणे सर्वांत शेवटी आले, आणि ते स्वस्त कॅमेरे व शाळेतल्या संगणकांमुळे.

मास्टरमनची शंका खोटी नाही. नक्कल होतेच. पण नक्कल करतानाच काय उघडे पडते, ते त्या प्रकल्पाच्या शेवटी विचारल्या जाणाऱ्या सात प्रश्नांत दिसे. दुसरा प्रश्न होता: तुमच्या फितीत समाजातले गट कसे दाखवले आहेत? एका वर्षी एका गटाने पाठलागाचे दृश्य केले. हुडी कोणी घालायची, असा विषय निघाला तेव्हा तिघांची बोटे चौथ्याकडे गेली. त्याचे आईवडील सिल्हेटहून आलेले; गटात तो एकटा सावळा. कोणाच्या मनात वाईट नव्हते, तोही हसत तयार झाला. चित्रण झाले. वर्गात ती फीत लावली तेव्हा पळणारी गोरी मुलगी आणि मागे तो, एवढेच दोन मिनिटे दिसत राहिले. फीत संपल्यावर चौघेही काही बोलले नाहीत. मी पण काही बोलले नाही. त्या आठवड्यात ‘द लॉजर’चा उरलेला भाग लावला. दारात उभा राहिलेला भाडेकरू मफलरने चेहरा झाकून येतो, साक्षीदार बाईने वर्णन केल्यासारखाच, आणि घरादाराचा, शेवटी साऱ्या गावाचा संशय त्याच्यावर. मूळ कादंबरीत खुनी तोच आहे. चित्रपटात तो निर्दोष निघतो, पण तोवर जमाव त्याच्या जिवावर उठलेला असतो. मुलांनी आपणहून दोन दिवस मागून घेतले आणि दृश्य पुन्हा केले. नव्या फितीत मुलगी नाही. तोच मुलगा घरी चालला आहे, डोक्यावर हुडी, आणि रस्त्यावरच्या एकेका घराचा पडदा किंचित सरकतो. मागे कोणीच नाही. शेवटच्या चित्रात तो स्वतःच्या दाराला किल्ली लावतो आणि पलीकडून कोणीतरी फोन उचलल्याचा आवाज येतो. शीर्षक तिथे.

सातवा प्रश्न होता: तो खुर्चीचा सराव आठवा, तिथपासून इथपर्यंत काय शिकलात? या मुलाने लिहिले होते की पहिल्या सरावात कॅमेरा कुठे ठेवू हे तो विचारत होता, आता कॅमेरा कोणाच्या बाजूने बघतोय हे विचारतो. त्याचे इंग्रजी कच्चे होते. ते वाक्य मी जसेच्या तसे परीक्षकांकडे पाठवले.

२०१७ पासून नवा अभ्यासक्रम आला. प्रत्यक्ष कामाचे वजन निम्म्यावरून ३० टक्क्यांवर आले, लेखी परीक्षेचे वाढले. गट गेला, आता प्रत्येकाने आपले काम एकट्याने सादर करायचे, मित्र फार तर अभिनय करतील किंवा सांगितल्याप्रमाणे कॅमेरा धरतील. नंतरचे सात प्रश्न गेले, आधी एक हेतुनिवेदन लिहायचे असते. गुण देणे यामुळे सोपे झाले हे मान्य, चौघांत काम कोणी केले आणि कोण नुसता उभा होता हा वाद संपला. पण त्या गटातल्या तिघांची बोटे चौथ्याकडे वळली होती, हे एकट्याने केलेल्या कामात कधी दिसलेच नसते. आणि काम करण्याआधी लिहिलेल्या निवेदनात कोणीही शहाणेच दिसते.

खुर्चीचा सराव आता अभ्यासक्रमात नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी तो अजून करून घेते, चौघाचौघांच्या गटात. त्याला गुण नाहीत हे मुलांना आधीच सांगते. बॅग तरीही दर वर्षी कोणाची ना कोणाची तरी दारातच नाहीशी होते.