सर्वाधिकाराची वाटणी

येळ्ळूरचा राजहंसगड किंवा संकेश्वरजवळचा वल्लभगड पाहताना आपली दृष्टी बुरुजांवर खिळते. परंतु गड केवळ तटाने राखला जात नसे. शिवकालात गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे अधिकारी नेमीत आणि कारभार तिघांनी मिळून करावयाचा असे. एकजण फितूर झाला तरी गड शत्रूच्या हाती जाऊ नये, हा त्यातला हेतू. राजपत्राच्या अखेरीसही मर्यादा-मुद्रा उमटे. तिच्यापुढे कोणी एक अक्षर वाढवावयाचे नाही.

सर्व सत्ता एका हाती असावी काय, हा प्रश्न पुढे संगणकाच्या कर्त्यांपुढेही उभा राहिला. कर्नेल, म्हणजे संगणकीय कार्यप्रणालीचा गाभा, हा यंत्राचा दरवाजा राखतो. कोणी कोणती फाईल उघडावी हे तोच ठरवितो. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीस आरंभ केला. तीत 'रूट' नावाच्या वापरकर्त्याचा क्रमांक ० असे, आणि इतरांना अडविणारे नियम त्याला अडवीत नसत. परस्परांस ओळखणाऱ्या मोजक्या मंडळींत ही व्यवस्था सोयीची होती. पुढे मात्र यंत्रे जगभर जोडली गेली. यंत्राचे घड्याळ बदलण्यासारख्या लहान कामासाठीही प्रोग्रॅमला रूटचा संपूर्ण अधिकार लागे. आणि त्या प्रोग्रॅममध्ये एखादी चूक राहिली, तर ती हेरणाऱ्या परक्याच्या हाती सबंध यंत्र जाई.

१९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नेल प्रसिद्ध केले. १९९९ च्या २.२ या आवृत्तीपासून त्यात रूटच्या सत्तेचे तुकडे पाडण्यात आले. घड्याळ बदलण्याचा अधिकार निराळा, जाळ्याची व्यवस्था पाहण्याचा निराळा. आज असे सुमारे ४० अधिकार आहेत. परंतु इतिहासाची गंमत अशी की, ज्या कामांना अन्यत्र जागा सापडेना, ती एकाच अधिकाराच्या पदरात पडत गेली आणि तोच जवळजवळ नवा रूट होऊन बसला! वाटणी झाली, पण सत्ता पुन्हा एके ठिकाणी गोळा झाली.

दुसरा उपाय 'एसईलिनक्स'चा. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने तो २००० साली खुला केला आणि २००३ मध्ये तो मूळ कर्नेलमध्ये आला. त्यात स्वतंत्रपणे लिहिलेली नियमावली रूटलाही बांधून ठेविते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून अँड्रॉइड फोनमध्ये तिचा अंमल पूर्णपणे सुरू झाला.

याच्याशी निपाणीच्या शेतकऱ्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. या शतकाच्या आरंभी कर्नाटकात 'भूमी' योजनेने सुमारे २ कोटी जमीन-नोंदी संगणकावर आणल्या आणि हस्तलिखित उतारा बाद ठरला. नोंदी हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याची ओळख बोटाच्या ठशाने पटविण्याची तजवीज झाली. ही तजवीज चांगलीच. तथापि ठसा माणूस कोण ते सांगतो; त्याचा हात कोठवर पोहोचावा, हे तो सांगत नाही. कोणत्याही यंत्रावर ज्याची अनिर्बंध सत्ता चालते, त्याला चार एकरांचे तीन एकर करण्यास शाई खोडावी लागत नाही.

उतारा कोणत्या भाषेत मिळतो, हे सीमाभागात आपण नेहमी विचारतो, आणि ते विचारलेच पाहिजे. त्याबरोबरच, तो उतारा सांभाळणाऱ्या यंत्रात एकट्याच्या हाती किती सत्ता ठेविली आहे, हेही आपण विचारावयास हवे.