न दिसणारा उजेड आणि माडाचे दुखणे

दूरसंवेदन म्हटले की अग्निबाण आणि उपग्रह डोळ्यांपुढे उभे राहतात. या विद्येचे एक मूळ मात्र साध्या तापमापकात आहे. १८०० साली विल्यम हर्शेल याने लोलकातून सूर्यप्रकाश पाडून निरनिराळ्या रंगांत तापमापक ठेवले. तांबड्या रंगाच्याही पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे पारा अधिक चढला. हाच अवरक्त प्रकाश.

झाडाचे पान आपल्याला हिरवे दिसते. पण हिरव्यापेक्षा कितीतरी अधिक अवरक्त प्रकाश ते परतवीत असते. हा गुण पानातील पेशींच्या रचनेचा. पान खंगले की तो ओसरतो. दुसऱ्या महायुद्धात याचा उपयोग झाला तो दडवलेल्या तोफा हुडकण्यासाठी! अवरक्त प्रकाश तांबड्या रंगात दाखविणारी फिल्म निघाली. तीवर जिवंत झाडी लाल उमटे, हिरवा रंग फासलेले कापड तसे उमटत नसे. शास्त्राचे पहिले गिऱ्हाईक पुष्कळदा सेनापतीच असतो, त्याला इलाज नाही.

आपल्याकडे तिचे गिऱ्हाईक ठरला माड. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक पी. आर. पिशारोटी पुढे विक्रम साराभाईंच्या बोलावण्यावरून अहमदाबादेस गेले. १९७० साली त्यांनी केरळातील माडांच्या बागांची अशाच फिल्मवर हेलिकॉप्टरमधून छायाचित्रे घेवविली. तेथे मुळांचा एक रोग माडांना वर्षानुवर्षे खंगवीत होता. चित्रांत निरोगी माडांचे शेंडे लाल, आजाऱ्यांचे फिके. बुंध्याशी उभे राहून जे ओळखणे कठीण, ते वरून दिसले.

परंतु येथे सावध राहिले पाहिजे. हा रोग बरा होत नाही. फार खंगलेला माड तोडावा लागतो. म्हणजे चित्रातील फिका ठिपका हा कुऱ्हाडीचा हुकूम ठरू शकतो, आणि पान पाण्यावाचूनही फिके पडते! चित्र फरक दाखविते, कारण सांगत नाही. त्यासाठी कोणीतरी बागेत जाऊन माड पाहावाच लागतो.

१७ मार्च १९८८ रोजी आपला आयआरएस-१ए उपग्रह बैकानूरहून सुटला. ९०४ किलोमीटरांवरून तो दर २२ दिवसांनी तीच भूमी पुन्हा टिपी. पिके, जंगले, पडीक जमिनी यांचे नकाशे त्यावरून झाले. मात्र त्याच्या चित्रातील लहानात लहान ठिपकाही सुमारे ३६ मीटर रुंद असे. एवढ्या जागेत कित्येक माड मावतात.