छायाचित्राचा कर्ता : स्वामित्वहक्काच्या इतिहासातील एक प्रश्न

१

‘आम्ही फोटो काढला’ या मराठी वाक्याचे दोन अर्थ संभवतात. कॅमेऱ्याची कळ दाबणारा हे वाक्य उच्चारू शकतो, आणि स्टुडिओत जाऊन कॅमेऱ्यासमोर बसून आलेले कुटुंबही नेमके हेच म्हणते. व्याकरणदृष्ट्या दोन्ही ठिकाणी कर्ता आणि क्रियापद तेच असले, तरी क्रिया एक नाही. नित्याच्या बोलण्यात या संदिग्धतेमुळे काही अडत नाही. परंतु त्या चित्राच्या नकला होऊन त्या विकल्या जाऊ लागल्या, की ‘फोटो कोणी काढला?’ हा प्रश्न व्याकरणाचा न राहता मालकीचा होतो.

साहित्यसमीक्षेत लेखकाच्या अधिकाराची चर्चा गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ चालू आहे. रोलां बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. १९६९ मध्ये मिशेल फुको यांनी लेखक ही व्यक्ती नसून व्यवहारातील एक कार्य आहे, आणि त्या कार्याचा मालकीच्या व शिक्षेच्या इतिहासाशी जवळचा संबंध आहे, असे प्रतिपादन केले. या चर्चेचे उदाहरण मात्र बहुधा ग्रंथ हेच राहिले. ग्रंथाला कोणीतरी लेखक असणार, हे गृहीतच असते. छायाचित्राच्या बाबतीत ते गृहीत धरता येत नव्हते. तेथे कर्ता सिद्ध करावा लागला, आणि तोही न्यायालयात. म्हणूनच कर्तृत्वाची संकल्पना कशी घडते हे पाहण्यासाठी छायाचित्राच्या स्वामित्वहक्काचा इतिहास अधिक बोलका ठरतो. आधी कर्ता आणि मग त्याची नक्कल, असा क्रम या इतिहासात दिसत नाही. येथे नक्कल आधी होते, आणि तिला अडवण्यासाठी कर्ता उभा करावा लागतो.

२

याची पूर्वपीठिका छायाचित्राच्या शोधापूर्वीची आहे. इंग्लंडमध्ये ग्रंथांसाठीचा कायदा १७१० पासून अमलात होता, पण चित्रांच्या छापांना त्याचे संरक्षण नव्हते. विल्यम होगार्थ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पार्लमेंटकडे दाद मागितल्यावर १७३५ मध्ये कोरीव छापांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि त्यांना १४ वर्षांचे संरक्षण मिळाले. कायदा लागू होईपर्यंत होगार्थने आपल्या ‘ए रेक्स प्रोग्रेस’ या चित्रमालिकेचे प्रकाशन लांबणीवर टाकले. तरीही मूळ चित्रे पाहून आलेल्यांच्या आठवणीवरून कोरलेले खोटे संच त्याआधीच बाजारात आले.

या कायद्यातील एक अट येथे महत्त्वाची आहे. संरक्षण हवे असेल, तर हक्कदाराचे नाव आणि प्रकाशनाची तारीख प्रत्येक पत्र्यावर कोरलेली आणि प्रत्येक छापावर उमटलेली असली पाहिजे, असे बंधन होते. चित्र आणि नाव यांची ताटातूट होऊ नये, अशी ही तरतूद होती. छाप हातोहात कोठेही गेला, तरी तो कोणाचा हे सांगण्याची सोय त्याच्या अंगावरच होती.

कोरीव कामाच्या बाबतीत हे सोपे होते, कारण तेथे हात दिसत होता. १८३९ नंतर जी प्रतिमा जगासमोर आली, तिच्यात मात्र हात दिसत नव्हता. प्रकाश, काच आणि रसायन यांनी आपोआप घडवलेली आकृती असेच तिचे वर्णन सुरुवातीला केले जात होते, आणि त्या वर्णनात कौतुकच होते. हेच कौतुक पुढे छायाचित्रकारांच्या विरोधात पुरावा म्हणून वापरले गेले. प्रतिमा सूर्य काढतो असे म्हटले, तर तिच्यावर माणसाचा हक्क कसा सांगायचा?

३

हा प्रश्न पॅरिसमध्ये एका खटल्यामुळे ऐरणीवर आला. इटलीचा मुत्सद्दी काव्हूर १८६१ मध्ये मरण पावला. मायेर आणि पियेर्सों या छायाचित्रकारांनी काढलेल्या काव्हूर व पामर्स्टन यांच्या छायाचित्रांत किरकोळ फेरफार करून इतरांनी त्यांच्या नकला विक्रीस आणल्या. फ्रान्सचा १७९३ चा कायदा ललित कलांच्या कर्त्यांना संरक्षण देत होता. त्यामुळे छायाचित्र ही कला आहे काय, याचा निर्णय न्यायाधीशांना देणे भाग पडले. कनिष्ठ न्यायालयाने छायाचित्रकारांच्या विरुद्ध निकाल दिला. एप्रिल १८६२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो फिरवला. छायाचित्रातही विचार, अभिरुची आणि बुद्धी यांचा ठसा उमटू शकतो, हे त्या निकालाचे सार होते. नोव्हेंबर १८६२ मध्ये सर्वोच्च न्यायपीठानेही तो कायम केला. त्याच सुमारास अँग्र आणि इतर मान्यवर चित्रकारांनी छायाचित्राला कलेचा दर्जा देण्याच्या निषेधार्थ निवेदन काढले.

या प्रकरणाचा विचार बेर्नार एदेलमान यांनी १९७३ मध्ये एका वेगळ्या अंगाने केला. छायाचित्रण जोवर किरकोळ धंदा होते, तोवर त्यात कायद्याला केवळ यंत्र दिसत होते. त्यात भांडवल गुंतले आणि त्याचा उद्योग झाला, तेव्हा त्याच कायद्याला यंत्रामागे एक सर्जनशील आत्मा दिसू लागला. सौंदर्यशास्त्रातील प्रश्नाचे उत्तर बाजाराने दिले, असे एदेलमान यांचे म्हणणे. ते बरेचसे खरे असले, तरी पुरेसे नाही. कर्ता असावा अशी गरज बाजाराने निर्माण केली हे मान्य केले, तरी त्याचे रूप कसे असावे हे बाजाराने ठरवले नाही. ते रूप न्यायाधीशांनी साहित्य आणि चित्रकला यांच्याकडून उसने घेतले.

४

ही उसनवारी सर्वांत स्पष्टपणे दिसते ती अमेरिकेत. नेपोलियन सॅरोनी या न्यूयॉर्कच्या छायाचित्रकाराने जानेवारी १८८२ मध्ये व्याख्यानांच्या दौऱ्यावर आलेल्या ऑस्कर वाइल्डची छायाचित्रे काढली. त्यांपैकी अठराव्या क्रमांकाच्या छायाचित्राच्या ८५,००० प्रती एका शिळाछाप कंपनीने परवानगीवाचून छापल्या. अमेरिकेच्या राज्यघटनेने संरक्षण दिले होते ते ‘लेखकां’च्या ‘लेखना’ला. छायाचित्र हे लेखन नव्हे आणि छायाचित्रकार हा लेखक नव्हे, असा कंपनीचा युक्तिवाद होता.

मार्च १८८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सॅरोनीच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती मिलर यांच्या मते हे चित्र सॅरोनीच्या स्वतःच्या मानसिक कल्पनेतून जन्मले होते. वाइल्डला विशिष्ट ढबीत बसवणे, वेश, पडदे आणि इतर सामग्री निवडणे व मांडणे, छायाप्रकाशाची योजना करणे, चेहऱ्यावर हवा तो भाव आणणे, हे सारे त्याचे कर्तृत्व ठरले. ही यादी बारकाईने पाहिली, तर तीत कॅमेरा कोठेच नाही. तिच्यातला कर्ता हा चित्रकार किंवा नाटकाचा दिग्दर्शक आहे. कळ दाबण्याच्या क्षणापूर्वीच त्याचे काम संपले आहे. साधे, यांत्रिक छायाचित्र संरक्षणास पात्र आहे की नाही, हा प्रश्न न्यायालयाने मोकळाच ठेवला.

यात एक विसंगतीही आहे. या चित्रातला खराखुरा लेखक होता तो कॅमेऱ्यासमोर बसलेला वाइल्ड. स्वतःचा वेश, केस आणि बसण्याची ढब यांतून त्याने आपले व्यक्तिमत्त्व जाणीवपूर्वक रचले होते. निकालात मात्र तो केवळ विषय झाला, आणि त्याची ढब ही सॅरोनीची निर्मिती ठरली. एका व्यक्तीला कर्ता म्हणून स्थापन करताना दुसऱ्या व्यक्तीचे कर्तृत्व पुसावे लागते, याचे हे ठळक उदाहरण म्हणता येईल.

याच सुमारास, १८८३ मध्ये, इंग्लंडमधील अपील न्यायालयापुढे ऑस्ट्रेलियन क्रिकेट संघाच्या छायाचित्राचा खटला आला. छायाचित्र काढणाऱ्या कंपनीच्या मालकांनी नोंदणीत स्वतःलाच कर्ते म्हणून दाखवले होते. न्यायालयाने ते अमान्य केले. लंडनच्या कचेरीत बसून माणूस पाठवणारा हा कर्ता नव्हे. प्रत्यक्ष चित्र घडून येण्यास जो कारण झाला तो कर्ता, अशी भूमिका त्याने घेतली. ‘काढणे’ आणि ‘काढवून घेणे’ यांतील भेद येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे कायद्यात अवतरला.

५

परंतु तो टिकला नाही. ब्रिटनच्या १९११ च्या कायद्याने निगेटिव्ह तयार होताना ती ज्याच्या मालकीची असेल, तोच छायाचित्राचा कर्ता मानला जाईल, असे ठरवले. हाच कायदा काही फेरबदलांसह १९१४ मध्ये हिंदुस्थानात लागू झाला. १९५७ चा अधिनियम जानेवारी १९५८ मध्ये अमलात येईपर्यंत मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंनाही हीच व्याख्या लागू होती. कल्पना, अभिरुची, छायाप्रकाश यांची सारी मीमांसा बाजूला सारून काचेचा धनी तो कर्ता, असे हे समीकरण होते. फुको ज्याला लेखकाचे कार्य म्हणतात, ते येथे कोणतीही सौंदर्यशास्त्रीय झूल न पांघरता उभे आहे.

१९५७ च्या भारतीय अधिनियमाने या गुंत्याचे दोन धागे वेगळे केले. छायाचित्र काढणारी व्यक्ती हीच कर्ता होय, असे कलम २ मधील व्याख्येने सांगितले. मात्र कोणी मोबदला देऊन छायाचित्र काढवून घेतले असेल, तर एरवी करार नसल्यास हक्काची पहिली मालकी त्या गिऱ्हाइकाची, असे कलम १७ ने ठरवले. हक्क दुसऱ्याकडे गेला, तरी कृती आपली आहे असे सांगण्याचा कर्त्याचा अधिकार कलम ५७ ने अबाधित ठेवला. मालकी एकाची आणि नाव दुसऱ्याचे, अशी ही वाटणी होती. शिवाय कृतीत कलागुण असो वा नसो, छायाचित्र ही कलाकृतीच, असे व्याख्येतच नमूद करून पॅरिसच्या न्यायालयांना पडलेला प्रश्न या कायद्याने निकालात काढला.

तरीही समानता आली नव्हती. कवीच्या किंवा चित्रकाराच्या हक्काची मुदत त्याच्या आयुष्यावरून मोजली जात होती, छायाचित्रकाराची मात्र प्रकाशनाच्या वर्षापासून. आधी ५० आणि १९९२ नंतर ६० वर्षांची ही स्वतंत्र मुदत २०१२ च्या दुरुस्तीने रद्द झाली. तोवर छायाचित्रकार व्याख्येने कर्ता होता, पण त्याच्या आयुष्याला कायद्यात मोजमाप म्हणून किंमत नव्हती.

६

दरम्यान, नावाच्या बाबतीत उलट दिशेने प्रवास झाला होता. बर्न कराराच्या १९०८ च्या बर्लिन येथील फेरतपासणीत नोंदणी, सूचना इत्यादी औपचारिक अटींवर हक्क अवलंबून राहणार नाही, असे ठरले. अमेरिका या करारात १९८९ मध्ये सामील झाली. हक्क मिळवण्यासाठी चित्रावर नाव असण्याची गरज उरली नाही. कर्त्याच्या दृष्टीने ही प्रगतीच होती. परंतु होगार्थच्या कायद्याने सांधलेली चित्र आणि नाव यांची जोडी त्यामुळे सैल झाली. हक्क सर्वांना मिळाला, पण तो चित्राच्या अंगावर दिसेनासा झाला.

छापील युगात याचा फटका मर्यादित होता, कारण नक्कल करायला पत्रा कोरावा लागे, शिळा घासावी लागे, कागद व शाई यांवर खर्च करावा लागे. इंटरनेटवर चित्र पाहणे म्हणजेच त्याची प्रत उतरवणे होय. छायाचित्रकाराचे नाव फाइलच्या पोटात नोंदवण्याची सोय आहे, पण अनेक संकेतस्थळांवर चित्र चढवताना ही नोंद गळून पडते. अशी नोंद जाणूनबुजून व अधिकाराविना काढून टाकणे भारतात २०१२ च्या दुरुस्तीने गुन्हा ठरले.

या नव्या अवस्थेचे स्वरूप दाखवणारा खटला हैतीच्या भूकंपातून उद्भवला. १२ जानेवारी २०१० रोजी पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये असलेल्या दानियेल मोरेल या छायाचित्रकाराने विध्वंसाची छायाचित्रे ट्विटरशी जोडलेल्या एका सेवेवर ठेवली. थोड्याच वेळात दुसऱ्या एका खातेदाराने ती उचलून स्वतःची म्हणून मांडली. एएफपी या वृत्तसंस्थेने ती त्याच्याकडून घेऊन त्याच्याच नावाने जगभर पाठवली, आणि गेटी या चित्रसंस्थेमार्फतही ती वितरित झाली. मोरेलने आक्षेप घेतल्यावर वृत्तसंस्थेनेच आधी न्यायालयात धाव घेतली. संकेतस्थळाच्या अटींनुसार अशा चित्रांचा वापर करण्याची मुभा आपोआप मिळते, असा तिचा दावा होता. जानेवारी २०१३ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला, आणि नोव्हेंबरमध्ये ज्यूरीने आठ छायाचित्रांच्या हेतुपुरस्सर उल्लंघनाबद्दल १२ लाख डॉलर देवविले. येथे नाव केवळ गळले नव्हते. त्याच्या जागी दुसरे बसले होते.

७

मोरेलचा कर्ता सॅरोनीच्या कर्त्याहून वेगळा आहे. मोरेलने कोणाला ढबीत बसवले नाही, पडदे मांडले नाहीत, चेहऱ्यांवर भाव आणवले नाहीत. कोन, चौकट आणि क्षण यांची निवड त्याची होती, आणि कायद्याला मौलिकतेसाठी तेवढे पुरते. परंतु त्या चित्रांचे मोल केवळ या निवडीत नव्हते. ती निवड करण्यासाठी तो तेथे उभा होता, यात ते होते. १८८४ च्या निकालाने निर्माण केलेला, दृश्य मनात रचणारा कर्ता या मोलाचा हिशेब देऊ शकत नाही.

येथे समीक्षेलाही आपला सिद्धान्त तपासून घ्यावा लागतो. बार्थ यांनी ज्या लेखकाला निरोप दिला, तो अर्थाचा स्वामी होता. संहितेचा अंतिम अर्थ त्याच्या ताब्यात राहू नये, हा त्यांचा आग्रह रास्त होता. आपले नाव मागणारा छायाचित्रकार मात्र अर्थावर ताबा मागत नाही. हे चित्र कोणी, केव्हा, कोठे उभे राहून घेतले, याचे उत्तर चित्रासोबत राहावे, एवढेच तो मागतो. अर्थाचा स्वामी आणि साक्षीचा धनी या दोन भूमिका एकाच ‘लेखक’ या शब्दात कोंबल्यामुळे पहिल्याविरुद्धचा युक्तिवाद दुसऱ्याच्या माथी मारला जातो. मग नाव काढून टाकणे ही जणू संहितेची मुक्ती आहे, असे मानण्यापर्यंत मजल जाते. प्रत्यक्षात त्यातून वाचक मुक्त होत नाही. मुक्त होते ती विक्रेत्याची वाट.

यंत्राने शब्दांवरून निर्माण केलेल्या प्रतिमांनी हा प्रश्न पुन्हा उभा केला आहे. मार्च २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने थेलर खटल्यात, यंत्रालाच एकमेव कर्ता म्हणून दाखवलेल्या चित्राला हक्क नाकारला. कर्ता माणूसच असावा लागतो, असे त्याने म्हटले. भारतीय कायद्यात १९९४ पासून संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवणारी व्यक्ती, अशी व्याख्या आहे. म्हणजे ‘काढणे’ आणि ‘करवणे’ यांतील जुना वाद पुन्हा सुरू झाला आहे, आणि या वेळी कॅमेऱ्यासमोर कोणी बसलेले नाही. मानसिक कल्पना हीच कर्तृत्वाची खूण मानली, तर असे चित्र करवणाराही सॅरोनीच्या शेजारी जाऊन बसू शकेल. मोरेलच्या शेजारी मात्र त्याला जागा मिळणार नाही, कारण तेथे बसण्यासाठी आधी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या रस्त्यावर असावे लागते.