अठ्ठेचाळीस पिल्ले आणि पाऊण हिस्सा अन्न

१९८७ साली अमेरिकेतील प्युरिना या पशुखाद्य कंपनीने लॅब्राडॉरची ४८ पिल्ले निवडली. सात वेतांतली ही भावंडे होती. त्यांच्या २४ जोड्या लावल्या आणि एकच नियम ठरवला : जोडीतील एक पिल्लू जेवढे खाईल, त्याच्या ७५ टक्के अन्न दुसऱ्याला द्यायचे. खाद्य दोघांनाही तेच. हा प्रयोग १४ वर्षे चालला. त्याचा निकाल सांगण्यापूर्वी थोडे मागे जाऊ आणि लठ्ठ कुत्रा इतिहासात कोठून अवतरला ते पाहू. (थ्रेड)

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक कोलुमेल्ला याने आपल्या शेतीविषयक ग्रंथात राखणीच्या कुत्र्यांचा आहार दिला आहे : जवाचे पीठ आणि चीज केल्यावर उरणारे दुधाचे पाणी. आपल्याकडे धनगराच्या कुत्र्याला मिळणारी भाकरी याच जातकुळीतली. कुत्रा दिवसभर कळपामागे चालणार, रात्री जागणार. मालकापुढचा प्रश्न त्याचे पोट भरण्याचा होता, ते आवरण्याचा नव्हे.

चित्र पालटले ते कुत्रा कामावरून सुटून दिवाणखान्यात आला तेव्हा. एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये डेलाबेर ब्लेन आणि विल्यम युएट हे पशुवैद्य श्रीमंतांच्या लाडक्या कुत्र्यांवर उपचार करीत. ब्लेनचा श्वानरोगांवरील ग्रंथ १८१७चा, युएटचा ‘द डॉग’ १८४५चा. अतिखाणे आणि कोंडून राहणे यांचा धाप लागण्याशी असलेला संबंध दोघांनाही ठाऊक होता. त्या काळाच्या रीतीप्रमाणे वांतीची आणि रेचाची औषधे होतीच. पण उपायाचा गाभा अन्न कमी आणि हालचाल जास्त, हाच होता. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी उत्तर हाती होते.

मग अडले कोठे? त्याच शतकात दुसरी एक गोष्ट घडली. १८६०च्या सुमारास जेम्स स्प्रॅट या अमेरिकनाने लंडनमध्ये कुत्र्यांसाठी तयार बिस्किटे विकायला काढली. गोदीवरची कुत्री जहाजावरची कडक बिस्किटे खाताना पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. त्याच्याकडे नोकरीला असलेल्या चार्ल्स क्रफ्टने पुढे १८९१मध्ये आपल्या नावाचे प्रसिद्ध श्वानप्रदर्शन सुरू केले. कुत्र्याचे अन्न आता उष्टे-पाष्टे न राहता विकत घेण्याचा माल झाले. माझ्या मते येथेच एक सूक्ष्म बदल झाला : खाऊ देणे हे माया दाखवण्याचे सोयीचे आणि सदैव हाताशी असलेले साधन बनले.

जेम्स हेरियट या टोपणनावाने लिहिणाऱ्या यॉर्कशायरच्या पशुवैद्याने १९७०च्या आपल्या पुस्तकात ट्रिकी वू नावाचा पेकिनीज अजरामर केला आहे. बाई त्याला केक आणि चॉकलेट भरवतात. डॉक्टर अखेर त्याला आपल्याकडे नेतात. तेथे औषध जवळजवळ नाहीच. सुरुवातीला फक्त पाणी, मग बेताचे अन्न आणि इतर कुत्र्यांबरोबर धुडगूस. कुत्रा बरा होतो. विनोद बाजूला ठेवला, तर उपचाराचा अर्धा भाग म्हणजे त्याला मालकिणीच्या हातापासून दूर नेणे, हे ध्यानात येते.

आता त्या पिल्लांकडे वळू. निकाल २००२मध्ये प्रसिद्ध झाला. भरपूर खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुष्य ११.२ वर्षे, कमी खाणाऱ्यांचे १३ वर्षे. निम्म्या कुत्र्यांना संधिवाताचे दीर्घकालीन उपचार लागण्याचे वय पहिल्या गटात १०.३ वर्षे, दुसऱ्यात १३.३. यातली महत्त्वाची बाब अशी की, पहिल्या गटातील कुत्रीही अवाढव्य नव्हती. सव्वातीन वर्षांनंतर त्यांच्याही खाण्याला मर्यादा घातली होती. आपण ज्याला कौतुकाने ‘गुटगुटीत’ म्हणतो, तेवढीच ती जाड होती.

त्या ‘गुटगुटीत’पणाला माप हवे होते. १९९७मध्ये नऊ अंकांची श्रेणी मांडली गेली : बरगड्या बोटांना सहज लागाव्यात, वरून पाहता कंबर दिसावी. २००७मध्ये अमेरिकेत कुत्र्यांच्या लठ्ठपणावरील पहिले औषध मंजूर झाले, डिर्लोटापाइड. ते भूक कमी करी. थांबवले आणि जुने खाणे सुरू झाले की वजन परते. आज ते वापरातून गेले आहे.

येथे लॅब्राडॉरची बाजूही ऐकली पाहिजे. न्यूफाउंडलंडच्या थंड पाण्यात कोळ्यांबरोबर राबणाऱ्या कुत्र्यांचा हा वंशज. २०१६मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लॅब्राडॉरांमध्ये ‘पीओएमसी’ या जनुकाचा एक तुकडा गळालेला आढळला. त्यामुळे भूक वाढते. आणि २०२४च्या अभ्यासानुसार विश्रांतीच्या वेळी ऊर्जाही सुमारे २५ टक्के कमी खर्च होते. तेव्हा ताटाशेजारी बसून पाहणारा तो कुत्रा नाटकी नसतो. त्याला खरोखरच भूक लागलेली असते. म्हणूनच त्याला उपाशी न मारता, पशुवैद्याने ठरवलेले अन्न वजनकाट्यावर मोजून आठवड्याला एक-दोन टक्के वजन उतरवणे, हाच मार्ग मानला जातो.

आमच्या घरी ४१ किलोंचा एक लॅब्राडॉर होता. पशुवैद्यांनी ३२ सांगितले होते. मोजून खाणे सुरू केले, तरी दोन महिने काटा हलेना. शेवटी फ्रिजवर वही टांगली आणि जो देईल त्याने लिहायचे ठरले. चौघेही जण ‘मी एकच तुकडा देतो’ या समजुतीत होतो. आजोबांचा रकाना सर्वांत लांब निघाला. तेव्हापासून सकाळीच दिवसभराचे खाद्य एका डब्यात काढतो आणि ज्याला लाड करायचे असतील त्याने त्याच डब्यातून द्यायचे. सध्या वजन ३६ आहे. आजोबा संध्याकाळी फिरायला निघताना त्या डब्यातले पाच दाणे सदऱ्याच्या खिशात टाकतात आणि वहीत नोंदही करतात.