प्रतिउदाहरणाचे लघुकरण
गुणधर्माधारित चाचणीत ठरावीक आदान आणि त्याचे अपेक्षित उत्तर अशा जोड्या न लिहिता, आज्ञावलीने प्रत्येक वैध आदानासाठी पाळावयाचा नियम लिहिला जातो आणि चाचणीचे साधन यादृच्छिक आदाने निर्माण करून तो नियम मोडणारे प्रतिउदाहरण शोधते. त्यातील अनावश्यक भाग गाळून ते शक्य तितके लहान करण्याच्या क्रियेस लघुकरण म्हणतात. कून क्लासेन व जॉन ह्यूज यांनी २००० मध्ये हास्केल भाषेसाठी मांडलेल्या क्विकचेक या साधनापासून ही चाचणीपद्धत रूढ झाली.

‘यादी उलटी केली तरी ती मूळ यादीसारखीच राहते’ हा उघड चुकीचा नियम तपासावयास दिला, तर प्रथम मोठमोठ्या संख्यांची लांबलचक यादी हाती येऊ शकते, जिच्यावरून काहीच उमगत नाही. साधन मग घटक वगळत, संख्या शून्याकडे नेत, दर वेळी चाचणी पुन्हा चालवते व बहुधा [०, १] या यादीपाशी थांबते, म्हणजे दोन भिन्न घटक एवढेच कारण उरते.

क्विकचेकमध्ये नव्या विदाप्रकारासाठी लघुकरणाचे फलन सहसा स्वतः लिहावे लागते, आणि ते आदाननिर्मितीच्या अटी पाळत नसेल तर अवैध प्रतिउदाहरण पुढे येते. पायथनमधील हायपोथेसिस हे साधन आदान घडविणाऱ्या यादृच्छिक निवडींचा क्रमच आखूड करीत असल्याने हा धोका टळतो. लघुकरण होताना मूळ दोष निसटून भलताच दोष हाती लागणे, ही मात्र बरीच दुर्लक्षिली गेलेली अडचण होय. शिवाय लघुकरणानंतरही नुसता ‘नियम मोडला’ हा अहवाल जवळजवळ निरुपयोगी असतो. त्यात अपेक्षित व प्रत्यक्ष मूल्ये, मधल्या पायऱ्या आणि तीच आदाने पुन्हा निर्माण करू देणारा बीजांक छापला जावा लागतो.