सांतानिना रसूल : फिलिपाइन्सच्या पहिल्या मुस्लिम महिला सिनेटर

हाजा सांतानिना तिल्लाह रसूल (१९३०–२०२४) या फिलिपाइन्सच्या सिनेटवर, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहावर, निवडून आलेल्या पहिल्या मुस्लिम महिला. १९८७ ते १९९५ अशी आठ वर्षं त्या सिनेटर होत्या. आपल्याकडे हज करून आलेल्या बाईला हज्जन म्हणतात, तसंच तिथे 'हाजा' म्हणतात.

जन्म आणि शिक्षण

देशाच्या दक्षिण टोकाला सुलू नावाची बेटं आहेत. तिथे तौसुग मुस्लिमांची वस्ती. यातल्याच सियासी इथे १४ सप्टेंबर १९३० रोजी त्यांचा जन्म झाला. पुढे फिलिपाइन्स विद्यापीठातून राज्यशास्त्राची पदवी त्यांनी सन्मानासह मिळवली. पती अब्राहम रसूल हे सौदी अरबमध्ये राजदूत होते.

गावापासून सिनेटपर्यंत

सुरुवात अगदी खालून झाली. आधी होलो शहरात वस्तीच्या कौन्सिलवर, मग सुलूच्या प्रांतिक मंडळावर. सिनेटचं गणित मात्र वेगळं. तिथे २४ जागा, मतदारसंघ एकच, तो म्हणजे अख्खा देश. मुस्लिमांची संख्या शंभरात साधारण सहा, बहुसंख्य लोक कॅथलिक. म्हणजे फक्त आपल्या माणसांच्या मतांवर कुणी निवडून येऊच शकत नाही. रसूलबाई १९८७ मध्ये कोराझोन अकिनो यांच्या आघाडीकडून निवडून आल्या, १९९२ मध्ये पुन्हा आल्या.

कामगिरी

आम्ही शिक्षक असल्यामुळे आम्हाला त्यांचं साक्षरतेचं काम जास्त भावतं. 'मगबासा किता', म्हणजे 'चला, वाचू या', या नावाने त्यांनी संस्था काढली आणि निरक्षर प्रौढांना लिहा-वाचायला शिकवण्याचं काम उभं केलं. सही करता न येणाऱ्या बाईला कागदावरचा हक्क काय उपयोगाचा? त्यांचं कायद्याचं काम याला जोडूनच बघावं लागतं.

१९९२ चा प्रजासत्ताक कायदा क्रमांक ७१९२ ही त्यांची मोठी कमाई. त्यातल्या मुख्य गोष्टी अशा :

• बाई विवाहित असो वा नसो, करार करण्याचा आणि कर्ज घेण्याचा तिला पुरुषाइतकाच हक्क.
• परदेशी विकास मदतीचा काही हिस्सा महिलांच्या कामासाठी राखीव.
• पूर्ण वेळ घर सांभाळणाऱ्या जोडीदाराला सामाजिक सुरक्षा योजनेत स्वेच्छेने सामील होण्याची सोय.
• लष्करी शाळांची दारं मुलींना खुली.

शेवटची गोष्ट कागदावर राहिली नाही. १९९३ मध्ये बागियोच्या लष्करी अकादमीत पहिल्यांदा मुली दाखल झाल्या आणि १९९७ ला त्यांची पहिली तुकडी अधिकारी होऊन बाहेर पडली.

मोरो राष्ट्रीय मुक्ती आघाडीशी बोलणी करणाऱ्या सरकारी मंडळातही त्या होत्या. त्या बोलण्यांतून १९९६ चा शांतता करार झाला.

अखेर

२८ नोव्हेंबर २०२४ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचा इंतकाल झाला. १९९५ मध्ये त्या सिनेटमधून बाहेर पडल्या, त्यानंतर पुढचा मुस्लिम सिनेटर यायला २०२२ साल उजाडलं. मधली सत्तावीस वर्षं रिकामीच गेली. आपल्या मुली 'पहिली महिला कोण' अशा याद्या पाठ करतात. त्यात हे नाव घाला, आणि या सत्तावीस वर्षांबद्दलही त्यांच्याशी घरात बोला.