चिन्नोरचं कूळ

भंडारा जिल्ह्यातल्या आसगावच्या चौरास पट्ट्यात धान म्हटलं की आज नावं येतात ती जय श्रीरामची, नाहीतर एचएमटीची. चिन्नोर लावलाच तर बहुधा घरच्यापुरता, एखाद्या बांधीत.

एचएमटीला जन्मसाल आहे. वैनगंगेपलीकडे, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी १९८३ साली दादाजी खोब्रागडे यांनी ‘पटेल ३’च्या पिकात वेगळ्याच पिवळसर लोंब्या हेरल्या आणि वर्षानुवर्षं त्यांचं बी निवडत नेलं. बाजारात त्याला नाव मिळालं ते चक्क मनगटी घड्याळाचं! चिन्नोरला असा कर्ता पुरुष नाही. त्याचं कूळ शोधायचं तर तलावाच्या पाळीवर जावं.

चिन्नोर हा भारी धान. पेरणीपासून कापणीला पाच महिने घेतो. पाऊस ओसरतो तेव्हा याचा दाणा भरायचाच असतो. तेव्हाचं पाणी पुरवलं ते कोहळी समाजाने बांधलेल्या तलाव-बोड्यांनी. पुढे ते मालगुजारांकडे गेले, आज त्यांना मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव म्हणतात.

रोप उंच, युरिया जास्त झाला की लोळणारं. उतारा कमी. दाणा बारीक, भात मऊ आणि शिजताना ओसरीपर्यंत दरवळणारा. गंमत अशी की सुगंधी तांदळात सहसा एक जनुक बिघडलेलं असतं. ते धड असतं तर हा वास देणारा पदार्थ दाण्यात साठलाच नसता. सफरचंदाचं जुनं वाण राखायचं तर कलम बांधावं लागतं, बियांची झाडं आईवर जात नाहीत. धान मात्र बहुतांशी स्वतःच्याच परागावर फळतं. म्हणून रोवणीपासून भेसळ काढत राहणारी, चांगली लोंबी बियाण्याला राखणारी घरं असली की चिन्नोर चिन्नोरच राहतो.

२०२१ मध्ये बालाघाटच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळालं, पुढे भंडाऱ्यानेही आपलं वेगळं मिळवलं. मूळचा कोणाचा, हा वाद मला फुकाचा वाटतो. १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा झाला तोच भंडारा, मंडला आणि शिवनीचे तुकडे जोडून. खरी अडचण भावाची आहे. सरकारी हमीभावात धानाच्या प्रती दोनच, साधारण आणि ‘अ’. सुवासाचा वेगळा रकाना तिथे नाही, त्यामुळे कमी उताऱ्याची भरपाई करायला चिन्नोरवाल्याला गिऱ्हाईक स्वतःच शोधावं लागतं.